बदलांची दवंडी

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजेच इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढे सुमारे तीन शतके ती हस्तलिखित प्रतींच्या रूपाने हातोहाती फिरत राहिली. प्रत उतरवणाऱ्याने कुठे एखादा शब्द चुकीचा वाचला, कुठे न उमगलेल्या जुन्या शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घातला. अशा रीतीने ग्रंथात पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये संत एकनाथांनी ग्रंथाचे शुद्धीकरण केले. त्यांच्यापुढील अडचण केवळ चुकांची नव्हती. कोणता शब्द कोणी बदलला, केव्हा बदलला आणि का बदलला, याची नोंद कुठेच नव्हती, ही खरी अडचण होती.

मजकूर एक आणि त्यावर फिरणारे हात अनेक, अशी स्थिती आली की हा प्रश्न उभा राहतोच. संगणकाच्या आज्ञावलीही मजकूरच असतात. मोठ्या आज्ञावलीत लक्षावधी ओळी असतात आणि त्या लिहिणारी माणसे निरनिराळ्या देशांत बसलेली असतात. त्यांतील पुष्कळांनी एकमेकांना कधी पाहिलेलेही नसते. एकाने एका ओळीतील एक चिन्ह बदलले तरी दुसऱ्याचे काम बंद पडू शकते. म्हणूनच आज्ञावली लिहिणाऱ्यांनी ‘आवृत्ती-नियंत्रण’ नावाची व्यवस्था उभी केली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये या प्रकारची पहिली महत्त्वाची प्रणाली तयार केली. त्यानंतर सीव्हीएस आली, सबव्हर्जन आली आणि २००५ च्या एप्रिल महिन्यात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ निर्माण केली. आज गिटचाच प्रसार सर्वाधिक आहे.

या व्यवस्थेचे मर्म व्यापाऱ्याच्या किर्दीवरून चांगले समजते. किर्दीत प्रत्येक व्यवहार घडला त्या क्रमाने लिहिला जातो. तिच्यात खाडाखोड करायची नसते. चूक झालीच तर ती दुरुस्त करणारी नवी नोंद पुढे करायची असते. आवृत्ती-नियंत्रणातही असेच घडते. लेखक आपल्या संगणकावर बदल करतो आणि तो पुरा झाला की भांडारात त्याची नोंद करतो. या नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. प्रत्येक कमिटमध्ये लेखकाचे नाव, ईमेल पत्ता, वेळ, बदलाचे कारण सांगणारा छोटा मजकूर आणि बदलानंतरचे मजकुराचे संपूर्ण रूप असते. आधीची नोंद कोणती, हेही त्यात लिहिलेले असते. त्यामुळे साखळीच्या कड्या एकीत एक गुंतत जातात. गिटमध्ये प्रत्येक कमिटचे नाव त्याच्याच आशयावरून गणिताने काढतात. हे नाव सामान्यतः चाळीस चिन्हांचे असते. आशयातील एक अक्षर जरी बदलले तरी नाव बदलते. म्हणून जुन्या नोंदीत गुपचूप फेरफार केल्यास तो लपत नाही.

परंतु किर्द कितीही चोख असली तरी ती पेढीच्या कपाटात बंद असेल, तर बाहेरच्यांना तिचा काय उपयोग? पूर्वी बहुतेक प्रकल्पांत अशीच स्थिती होती. वापरणाऱ्यांना तयार आवृत्ती तेवढी मिळे. ती घडत असताना काय काय बदलले, हे आतल्या मंडळींनाच ठाऊक असे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ओपनबीएसडी या प्रकल्पाने आपले भांडार कोणालाही वाचता येईल असे खुले केले. हा निर्णय त्या काळी नवा होता. यथावकाश इतर प्रकल्पही त्याच वाटेने गेले. तरीही एक उणीव उरली. भांडार खुले झाले, पण काही नवे घडले आहे का, हे पाहण्यासाठी वाचकाला पुनःपुन्हा तेथे जावे लागे. दहा प्रकल्पांवर लक्ष ठेवायचे तर दहा दारे रोज ठोठवावी लागत. जुन्या गावात हुकूम निघाला की कोतवाल दवंडी पिटत असे. प्रत्येक गावकऱ्याला चावडीवर जाऊन विचारावे लागत नसे. खुल्या भांडारांना अशा दवंडीची गरज होती. काही प्रकल्पांनी प्रत्येक नोंदीबरोबर सर्व सभासदांना ईमेल धाडण्याची पद्धत अवलंबिली. ती उपयोगी होती, परंतु त्यासाठी वाचकाला आपला पत्ता द्यावा लागे आणि टपालपेटी भरून वाही.

याच सुमारास आंतरजालावर बातम्यांच्या वितरणाचा एक वेगळा मार्ग तयार होत होता. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप या कंपनीने ‘आरएसएस’ या स्वरूपाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. ती घडवणाऱ्यांत मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले रामनाथन गुहा हे प्रमुख होते. पुढे या स्वरूपाच्या निरनिराळ्या आवृत्त्या निघाल्या आणि त्यांच्या पुरस्कर्त्यांत बरेच मतभेदही झाले. डिसेंबर २००५ मध्ये ‘ॲटम’ हे अधिक काटेकोर स्वरूप मानक म्हणून मान्य झाले. गिट आणि ॲटम एकाच वर्षी पुढे यावीत हा योगायोग खरा, पण दोघांची जोडी चांगली जमली. अशा स्वरूपात लिहिलेल्या यादीला ‘फीड’ म्हणतात.

फीड म्हणजे ठरावीक पत्त्यावर ठेवलेली एक साधी मजकूर-धारिका होय. तिच्यात सर्वांत अलीकडच्या काही नोंदी असतात. वाचकाच्या संगणकावरील किंवा भ्रमणध्वनीवरील ‘फीड-वाचक’ नावाची आज्ञावली ठरावीक वेळाने त्या पत्त्यावर जाते, नवे काही असेल तर घेऊन येते आणि वाचकापुढे मांडते. मागच्या भेटीनंतर काहीच बदलले नसेल, तर सर्व्हर संपूर्ण यादी न पाठवता ‘३०४’ या क्रमांकाचे छोटे उत्तर देतो. त्याचा अर्थ ‘बदल नाही’ असा असतो. हजारो वाचक दर तासाला विचारणा करीत असले, तरी या युक्तीमुळे सर्व्हरवर भार पडत नाही. वाचकाला नावगाव कळवावे लागत नाही आणि नको झाले की तो पत्ता काढून टाकला म्हणजे काम झाले.

ॲटमच्या नियमाप्रमाणे फीडमधील प्रत्येक नोंदीला शीर्षक, कायमची ओळख आणि वेळ असावीच लागते. लेखकाचे नाव आणि दुवाही असतो. कमिटमध्ये नेमक्या याच गोष्टी आधीपासून असतात. कमिटच्या मजकुराची पहिली ओळ फीडमधील शीर्षक होते, कमिटचे चाळीस चिन्हांचे नाव ओळख म्हणून वापरता येते आणि जुन्या व नव्या ओळींमधील फरक नोंदीच्या मुख्य मजकुरात येतो. माणसाला नव्याने काहीच लिहावे लागत नाही. हेच काम यंत्राकडे सोपवता येण्याचे कारण आहे.

हे सोपवायचे कसे? सबव्हर्जन आणि गिट यांच्या भांडारात ‘हुक’ नावाची सोय असते. हुक म्हणजे आकडी. विशिष्ट घटना घडली की तिला अडकवलेली आज्ञावली आपोआप चालू होते. सबव्हर्जनमध्ये कमिट पूर्ण झाल्यावर चालणाऱ्या हुकाला भांडाराचा पत्ता आणि नव्या नोंदीचा क्रमांक मिळतो. तेवढ्यावरून तो लेखक, वेळ व मजकूर शोधून काढतो आणि फीडची धारिका नव्याने लिहून ठेवतो. हा हुक नोंद झाल्यानंतर चालत असल्याने फीड लिहिण्यात काही बिघाड झाला, तरी मूळ नोंद सुरक्षित राहते. गिटची रीत थोडी निराळी आहे. तेथे लेखक आपल्या संगणकावर अनेक कमिटे साठवतो आणि सवडीने ती एकदम मुख्य भांडाराकडे ढकलतो. म्हणून हुकाला जुने टोक आणि नवे टोक अशी दोन नावे मिळतात. त्यांच्या दरम्यानच्या सर्व कड्या त्याला मोजून काढाव्या लागतात. काही ठिकाणी हुकाऐवजी, वाचक मागेल तेव्हा फीड तयार करण्याची पद्धत असते. गिटबरोबर मिळणारे ‘गिटवेब’ असेच काम करते. गिटहब या संकेतस्थळावर सार्वजनिक प्रकल्पाच्या कमिट-यादीच्या पत्त्याला शेवटी बिंदू देऊन ‘ॲटम’ हा शब्द जोडला की फीड मिळते. पुष्कळांना ही सोय ठाऊक नसते.

काम सोपे वाटते, पण त्यात काही खाचखळगे आहेत. पहिला खळगा चिन्हांचा. आज्ञावली लिहिणारे आपल्या मजकुरात ‘पेक्षा लहान’ हे गणिती चिन्ह सर्रास वापरतात. फीडच्या भाषेत मात्र ते चिन्ह नव्या घटकाची सुरुवात दाखवते. ते योग्य रीतीने बदलून लिहिले नाही, तर एका नोंदीपायी वाचक-आज्ञावली संपूर्ण फीडच नाकारू शकते. दुसरा खळगा लिपीचा आहे आणि तो मराठी वाचकाला जवळचा आहे. सबव्हर्जन आपले हुक जवळजवळ रिकाम्या वातावरणात चालवते. कोणती लिपी कशी वाचायची, हे तेथे आपोआप कळत नाही. अशा वेळी कोणी कमिटचा मजकूर देवनागरीत लिहिला असेल, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे, तिरप्या रेषा आणि अंक यांची रांग उमटते. हुकाच्या आरंभी युनिकोडची योग्य सूचना दिली की अक्षरे जशीच्या तशी येतात.

तिसरा खळगा वेळेचा. आगगाडीत बसून कोणी सोमवारी कमिट केले आणि गुरुवारी मुख्य भांडाराकडे ढकलले, तर बातमी कोणत्या दिवसाची मानायची? लेखकाची वेळ घेतली, तर ही नोंद यादीत खाली जाते आणि वाचकाच्या नजरेतून सुटू शकते. त्यातच फीडमध्ये वीस-पंचवीसच नोंदी ठेवल्या असतील आणि एखाद्याने पन्नास कमिटे एकदम ढकलली असतील, तर मधल्या काही नोंदी कोणी वाचण्यापूर्वीच यादीबाहेर पडतात. म्हणून यादीची लांबी ठरवताना प्रकल्पाचा वेग पाहावा लागतो.

आवृत्तींची नोंद आणि तिचे फीड ही सोय केवळ आज्ञावलींपुरती मर्यादित नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर प्रत्येक लेखाचा इतिहास जपला जातो आणि ‘अलीकडील बदल’ या पानाचे फीडही घेता येते. कोणी एखाद्या गावाच्या लेखात खोडसाळ मजकूर घातला, तर संपादक तो लवकर पाहून आधीची आवृत्ती परत आणू शकतात. ज्ञानेश्वरीच्या प्रतकारांना जे साधन मिळाले नाही, ते येथे शाळकरी मुलालाही उपलब्ध आहे.

मात्र दवंडी यंत्रानेच का पिटायची? माणसाने आठवणीने कळवले तर चालणार नाही का? प्रामाणिक माणूस विसरतो, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. ज्याच्या मनात काळेबेरे आहे, तो आपण होऊन कळवणारच नाही. यंत्र हेतू पाहत नाही. नोंद झाली की ते ती जाहीर करते.

नोव्हेंबर २००३ मधील एक प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्या वेळी लिनक्सचे मुख्य भांडार बिटकीपर या प्रणालीत होते आणि ज्यांना ती नको होती त्यांच्यासाठी सीव्हीएसमध्ये एक प्रत ठेवलेली होती. कोणीतरी या प्रतीच्या सर्व्हरमध्ये शिरून दोन ओळी घुसवल्या. त्यांत तुलना करण्यासाठी बरोबरची दोन चिन्हे हवी होती, तेथे एकच चिन्ह होते. वरवर ती टंकनाची चूक वाटावी. पण सी या भाषेत दोन चिन्हे ‘समान आहे का’ असे विचारतात, तर एक चिन्ह ‘समान कर’ अशी आज्ञा देते. त्या एका चिन्हाच्या फरकाने साध्या वापरकर्त्याला संगणकाचे सर्वाधिकार मिळाले असते. हा बदल प्रतीत होता, पण मुख्य भांडारात त्याच्या मागे कोणतीही नोंद नव्हती. दोहोंचा मेळ घालणाऱ्या नेहमीच्या तपासणीत ही विसंगती ताबडतोब उघडी पडली आणि मुख्य भांडार अबाधित राहिले.

२८ मार्च २०२१ रोजी याहून धीट प्रयत्न झाला. असंख्य संकेतस्थळे ज्या पीएचपी भाषेवर चालतात, तिच्या भांडारात दोन घातक कमिटे शिरली. पहिल्यावर पीएचपीचे जनक रासमुस लेर्डोर्फ यांचे नाव होते आणि मजकूर होता टंकनदोष दुरुस्त केल्याचा. पीएचपीचे एक प्रमुख लेखक निकिता पोपोव यांनी ते मागे घेतले, तर त्यांच्याच नावाने दुसरे कमिट येऊन तो भाग पुन्हा घातला गेला! कमिटवरचे नाव लेखक स्वतःच लिहितो. त्यावर अंकीय सही नसेल, तर ते कोणाचेही असू शकते. फीड तेच नाव पुढे पाठवते, त्याची खातरजमा करीत नाही. हा घात काही तासांतच लक्षात आला, कारण पीएचपीमध्ये नोंद झाल्यानंतर इतरांनी ती वाचून पाहण्याची रीत होती. बातमी टपालाने पोहोचली की फीडने, हे येथे दुय्यम आहे. ती न मागता पोहोचत होती आणि कोणीतरी ओळी उघडून वाचत होते. पुढे त्या प्रकल्पाने स्वतःचा सर्व्हर बंद करून आपले भांडार गिटहबवर हलवले.

या उघडेपणाची किंमतही मोजावी लागते. एखाद्याने चुकून कमिटमध्ये परवलीचा शब्द ठेवला, तर तोही काही क्षणांत जगभर जातो. पुढच्या कमिटमध्ये तो पुसला तरी जुन्या कडीत तो राहतो आणि फीड वाचणाऱ्यांच्या संगणकांवर त्याच्या प्रती गेलेल्या असतात. अशा वेळी नोंद पुसण्यात वेळ न दवडता परवलीचा शब्दच तत्काळ बदलणे, हाच खात्रीचा उपाय आहे. सुरक्षेतील दोष दुरुस्त करणारे कमिटही दुधारी असते. ते वापरकर्त्यांना सावध करते, तसेच दुरुस्ती न बसवलेल्या संगणकांवर कुठून हल्ला करावा, हे चोरालाही सांगते. त्यामुळे काही प्रकल्प अशा दुरुस्त्या थोडा काळ राखून ठेवून मग जाहीर करतात. हा अपवाद समर्थनीय आहे. पण तो अपवादच राहिला पाहिजे.

शीर्षक होणाऱ्या पहिल्या ओळीकडे भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. सुमारे पन्नास अक्षरांत ती ओळ आटोपावी, असा संकेत रूढ आहे. ‘काही दुरुस्त्या’ किंवा ‘किरकोळ बदल’ असे लिहिणारा लेखक वाचकाला काहीच सांगत नाही. ‘फेब्रुवारीत २९ तारीख असल्यास वय चुकणे थांबवले’ एवढे लिहिले, तर शेकडो नोंदी चाळणाऱ्याला कुठे थांबायचे ते कळते. ढोबळ ओळींच्या गर्दीत घातक ओळ सहज दडते.

मार्च २०२४ मध्ये याचा कटू अनुभव आला. धारिका लहान करण्यासाठी लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या छोट्या प्रकल्पात एका सहकाऱ्याने दोनेक वर्षे इमानेइतबारे काम करून विश्वास संपादन केला होता. फेब्रुवारीत त्याने भांडारात काही चाचणी-धारिका घातल्या आणि नोंदीतही तेवढेच लिहिले. त्या धारिकांत घातक भाग लपवलेला होता. तो जागा करणारी किल्ली मात्र भांडारात नव्हतीच. वितरणासाठी बांधलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या गठ्ठ्यांत ती वेगळी घातली होती. त्यामुळे फीड वाचणाऱ्याला तिचा मागमूसही लागला नसता. जे कमिट झालेच नाही, त्याची दवंडी कोण पिटणार? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच खटकले. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते या कटापर्यंत पोहोचले आणि २९ मार्च रोजी त्यांनी तो जगापुढे मांडला. त्यानंतर प्रकल्पाचे मूळ सांभाळकर्ते लासे कॉलिन यांनी भांडारातील जुन्या नोंदी तपासायला घेतल्या. घातक भाग काढून टाकल्याची कमिटेही त्यांनी त्याच उघड्या साखळीत जोडली आणि २९ मे २०२४ रोजी ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली.